डब्यातले आधी, दुकानातले नंतर

घटस्थापनेच्या आधीचा आठवडा म्हणजे घर काढण्याचा आठवडा. माळ्यावरची भांडी खाली येतात, पडदे धुवायला पडतात आणि स्वयंपाकघरातले डबे एकेक करून ओट्यावर मांडले जातात. मग जे दिसते ते बहुतेक घरांत सारखेच असते. साबुदाण्याच्या तीन पिशव्या, तिन्ही फोडलेल्या. आषाढी एकादशीला आणलेली भगर. जाळी धरलेला रवा. एकदाच वापरून रबर लावून ठेवलेले मसाल्याचे पाकीट. तळाला घट्ट बसलेले नाचणीचे पीठ. फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात वाटीभर आमटी, ती कोणत्या दिवशीची हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही. यातले निम्मे कचऱ्यात जाते, निम्मे पुन्हा डब्यात जाते आणि दुसऱ्या दिवशी उपवासाच्या सामानाची यादी वाण्याकडे पोहोचते. त्या यादीत साबुदाणा असतोच.

अन्न वाया जाण्याचा विषय निघाला की लग्नाच्या हॉलकडे आणि हॉटेलांकडे बोट दाखवले जाते. आकडे मात्र घराकडे बोट दाखवतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. भारतातल्या घरांसाठी हा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे, म्हणजे रोजचे साधारण दीडशे ग्रॅम. यात साले, देठ, हाडे असे न खाण्याजोगे भागही धरलेले आहेत, त्यामुळे सगळे काही माजोरीपणाने टाकलेले नाही. तरी कोथिंबिरीची काळी पडलेली जुडी, फ्रिजमध्ये पिवळी पडलेली पालेभाजी, आंबून गेलेले दही आणि चिकट झालेला भात यांचा हिशेब कोणी लिहीत नाही. आठवड्याला दीडशे रुपयांचे टाकले गेले असे धरले, तर वर्षाला सात हजार आठशे रुपये होतात. गॅसचे दर पन्नास रुपयांनी वाढले की घरात चर्चा होते. हे मात्र गुपचूप जातात.

खरे तर मराठी स्वयंपाकघराला संपवण्याची विद्या शिकवायची गरज नाही. रात्रीच्या भाताचा सकाळी फोडणीचा भात, उरलेल्या पोळीचा कुस्करा, वरण उरले तर त्यात पिठे कालवून थालीपीठ. ताक आंबट होऊ लागले की कढी. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुध्याच्या सालींची चटणी. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजवली की तिचे पाणी मोरीत जात नाही. त्याची कटाची आमटी होते, आणि पुष्कळांना ती पुरणपोळीपेक्षा जास्त आवडते. सायीचे विरजण, त्याचे लोणी, लोण्याचे तूप आणि तूप गाळल्यावर तळाला राहिलेली बेरी साखर घालून मुलांच्या हातावर. गोव्यात आदल्या दिवशीचे माशाचे हुमण आटवून सकाळी पावाबरोबर खातात आणि ते ताज्याहून चांगले लागते असे ठामपणे सांगतात. या पदार्थांना कोणी ‘उरलेले’ म्हणत नाही. त्यांना त्यांची स्वतःची नावे आहेत.

पण ही विद्या चालत होती, कारण तिला घड्याळ होते. फ्रिज नव्हता, तेव्हा रात्रीचे अन्न सकाळपर्यंत संपवायचे किंवा गाईला घालायचे, तिसरा पर्याय नव्हता. फ्रिजने तो तिसरा पर्याय दिला: नंतर बघू. सरकारी कचेरीतल्या फायलीसारखी आमटीची वाटी प्रलंबित होते. मागे सरकते, तिच्यापुढे दुसरी वाटी येते, आणि आठ दिवसांनी ती फेकताना मनाला फारसे लागतही नाही, कारण ती आता ‘खराब झालेली’ असते. चांगले अन्न टाकायला हात धजत नाही, म्हणून ते खराब होईपर्यंत थंडाव्यात ठेवायचे, असा काहीसा हा प्रकार आहे.

फ्रिजमध्ये चार-पाच अंश तापमानाला जिवाणूंची वाढ मंदावते. थांबत नाही, आणि आधीच तयार झालेले विष तर तिथे जसेच्या तसे राहते. उरलेले संपवण्याचा उत्साह इथे थोडा आवरावा लागतो. फोडणीचा भात हेच उदाहरण घ्यावे. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूची बीजुके असतात. भात शिजवताना उकळत्या पाण्यातही ती टिकून राहतात. शिजलेला भात ओट्यावर कोमट पडून राहिला, की बीजुकांतून जिवाणू वाढू लागतात आणि त्यांतले काही प्रकार उलट्या घडवणारे विष तयार करतात. हे विष फोडणी देऊन किंवा पुन्हा वाफ आणून नष्ट होत नाही. भाताला वासही येत नाही, चवही बदलत नाही.

‘आमची आजी रात्रभर भात झाकून ओट्यावरच ठेवायची, कोणाला काही झाले नाही’ हे उत्तर प्रत्येक घरात तयार असते. बहुतेक वेळा काही होत नाही, हे खरेच. पण कधी तरी सकाळी पोट बिघडले तर त्याचा ठपका आदल्या दिवशीच्या भज्यांवर बसायचा, भातावर नाही. शिवाय पौषातल्या थंड रात्री झाकलेला भात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात मुंबईच्या फ्लॅटमध्ये झाकलेला भात एकच नव्हे. पाच ते साठ अंश हा जिवाणूंच्या सोयीचा टप्पा. भात या टप्प्यात जितका कमी वेळ राहील तितका बरा. म्हणून उरलेला भात खोल पातेल्यात तसाच न ठेवता ताटात पसरावा, म्हणजे लवकर निवतो. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, कडक उकाड्यात तासाभरातच, तो झाकून फ्रिजमध्ये जावा, दुसऱ्या दिवशी संपावा आणि एकदाच, चांगली वाफ येईपर्यंत गरम व्हावा. पूर्ण गार झाल्याशिवाय फ्रिजमध्ये काही ठेवायचे नाही, ही समजूत सोडायला हरकत नाही. किंचित कोमट भाताने फ्रिजचे काही बिघडत नाही. तो तीन तास बाहेर राहिला तर खाणाऱ्याचे मात्र बिघडू शकते.

डब्यांतल्या कोरड्या सामानाची गोष्ट वेगळी. तिथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. पाकिटावरची तारीख उलटली म्हणून चांगला रवा टाकतात आणि बुरशी पुसून खोबरे वापरतात. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख चव, खुसखुशीतपणा आणि वास यांची हमी कुठवर आहे ते सांगते. ती उलटून पंधरा दिवस झालेल्या, कोरड्या राहिलेल्या, जाळी न धरलेल्या शेवया फेकण्याचे कारण नाही. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ची तारीख मात्र पाळायची असते. दूध, पनीर, मांस यांच्या बाबतीत तर तिच्याशी घासाघीस करूच नये.

बुरशीशीही घासाघीस नको. खोबऱ्याच्या वाटीवर हिरवट-काळा थर आला की तो खरवडायचा, वाटी उन्हात ठेवायची आणि वाटणात वापरायची, ही रीत अजून चालू आहे. ऊन दिल्याने ओल जाते, किडे बाहेर पडतात. आत उतरलेले विष जात नाही. शेंगदाणे, मका, खोबरे यांवर वाढणाऱ्या काही बुरशी ‘अफ्लाटॉक्सिन’ तयार करतात. ते यकृताला घातक आहे, दीर्घकाळ पोटात गेले तर कर्करोगाचा धोका वाढवते, आणि भाजल्या-तळल्याने पुरते नष्ट होत नाही. खवट किंवा कडू शेंगदाणा तोंडात आला की थुंकून टाकण्याची जुनी सवय अगदी योग्य. तोच दाणा कुटात दडून गेला तर मात्र कळत नाही.

आणि भगर. नवरात्रात किंवा महाशिवरात्रीला भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात, आणि अन्न व औषध प्रशासन सणाआधी सावधगिरीच्या सूचना काढते. दमट हवेत भगरीवर आणि तिच्या पिठावर ‘अस्परजिलस’ जातीची बुरशी वाढते आणि तिच्यातून विषारी द्रव्ये तयार होतात, असे कारण त्यासाठी सांगितले जाते. आषाढीची उरलेली भगर पावसाळाभर अर्धवट झाकलेल्या डब्यात राहिली असेल, ओलसर लागत असेल, वास बदलला असेल, तर पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे. सुट्टे पीठ आणण्यापेक्षा बंद पाकिटातली भगर लागेल तेवढीच आणून घरी दळावी. पीठ साठवून ठेवू नये.

मग पसारा कमी कसा करायचा? क्रम उलटा करून. घर काढायच्या आदल्या दिवशी नव्हे, तर दोन-तीन आठवडे आधी डबे उघडावेत आणि आहे ते एका कागदावर लिहावे. त्या दिवसांत दूध, भाजी आणि खरोखर संपलेले जिन्नस एवढेच आणावे. मूठ-मूठ उरलेल्या डाळी एकत्र शिजवल्या की पंचमेळ आमटी होते. ज्वारी, बाजरी, नाचणी, बेसन यांचे अर्धे-अर्धे वाडगे एकत्र आले की थालीपिठाला भाजणीची वाट पाहावी लागत नाही. थोडा उद्योग डब्यांचाही आहे. नवी पिशवी आणली की ती जुन्या पिठावर ओतायची, ही सवय जवळपास प्रत्येक घरात असते. त्यामुळे तळाचे पीठ वर्षानुवर्षे तळालाच राहते आणि त्यातले किडे नव्या पिठात चढतात. डबा रिकामा करून, धुऊन, कडक वाळवून मगच भरावा. जुने उरलेच असेल तर ते वर यावे. फ्रिजमध्ये डोळ्यांसमोरचा एक कप्पा फक्त ‘आधी संपवायचे’ म्हणून राखला, तर मागचा कोपरा आपोआप ओस पडतो. स्टीलच्या डब्यांपेक्षा काचेची बरणी या कामी सरस, कारण दिसत नाही ते घरात नाही असे समजूनच माणूस बाजारात जातो.

या सगळ्यात एक प्रश्न मात्र बहुधा विचारला जात नाही. घरातले उरलेले संपवते कोण?

बहुतेक घरांत उत्तर एकच असते. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, सासऱ्यांनी नको म्हटलेली वाटी, कालचा भात, सगळे तिच्या पानात येते. ती शेवटी बसते. तोवर पालेभाजी संपलेली असते, उसळीत रस्सा तेवढा राहिलेला असतो. उरतात त्या पोळ्या आणि भात. म्हणजे उरलेले खाणे हे नुसते शिळे खाणे नसते, ते बहुतेक वेळा पिष्टमय खाणे असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्ताची कमतरता आढळली. त्याची कारणे अनेक आहेत, पण शेवटच्या पानात काय वाढले जाते हा प्रश्न त्या यादीतून वगळता येत नाही. दुसरीकडे त्याच घरांत वजन आणि साखरही वाढते आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासाने देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. भूक नसताना ‘टाकायची कशाला’ म्हणून खाल्लेली एक पोळी ऐंशी-शंभर कॅलरींची असते. कचऱ्याच्या डब्याऐवजी ती पोटात गेली, एवढ्यावरून ती सत्कारणी लागली असे म्हणता येत नाही. गार करून पुन्हा गरम केलेल्या भाताने साखर वाढत नाही, असा दिलासाही हल्ली मोबाइलवर फिरतो. भात गार केल्यावर त्यातला थोडा स्टार्च न पचणाऱ्या रूपात जातो हे खरे, पण त्याचा फायदा लहानसा आहे. मधुमेह असलेल्या बाईने दोन वाट्या जास्त खाव्यात इतका मोठा तो नाही.

संपवायचे असेल तर ते सगळ्यांच्या पानात समान पडले पाहिजे. आठवड्यातून एक रात्र ठरवावी, त्या दिवशी नवा स्वयंपाक नाही. फ्रिजमध्ये सुस्थितीत असलेले सगळे टेबलावर यावे आणि मुलगा, सासरे, नवरा, सगळ्यांनी त्यातलेच वाढून घ्यावे. पहिल्या आठवड्यात कुरकुर होईल. दुसऱ्या आठवड्यात कोणी तरी विचारील की एवढा भात रोज लावतो कशाला, आणि कुकरमध्ये तांदूळ टाकण्यापूर्वी किती जण जेवणार आहेत, हे कदाचित पहिल्यांदाच मोजले जाईल.