पूररेषेबरोबर माणसांचाही नकाशा हवा : निपाणी तालुक्यातील नदीकाठच्या गावांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, बेळगाव

महोदय,

2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर वेदगंगा-दूधगंगेचे पाणी कुठवर चढते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ हे पूल बुडतात. यमगर्णीजवळ महामार्गही बंद पडतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 31 नुसार आराखड्यात धोक्याची क्षेत्रे दाखवावी लागतात. पण एकाच गल्लीतल्या दोन घरांचा धोका सारखा नसतो.

ट्रॅक्टरवाला शेतकरी एका खेपेत जनावरांसह माळावर जातो. भाड्याच्या खोलीत विड्या वळणाऱ्या बाईजवळ ठेकेदाराचा पाला-तंबाखू असतो. तो भिजला की मजुरी गेलीच, वर मालाचा हिशेब. म्हणून ती सर्वांत शेवटी उंबरा ओलांडते. 2019 मध्ये पूर्ण पडलेल्या घराला सरकारने 5 लाख रुपये जाहीर केले, ते घरमालकाला. भाडेकरूच्या भिजलेल्या संसाराचे काय?

धोक्यातला हाच फरक मोजण्यासाठी अमेरिकेत संशोधक सुसान कटर व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये सामाजिक दुर्बलतेचा काउंटीनिहाय निर्देशांक मांडला. आम्हाला तो गल्लीनिहाय हवा. सबब मागण्या :

1. दरवर्षी मेअखेर आशा, अंगणवाडी सेविका व तलाठी यांनी घरोघरी नोंद करावी : अंथरुणाला खिळलेले, दिव्यांग, गरोदर बाया, डायलिसिसचे रुग्ण, एकटे वृद्ध, माजी देवदासी, भाडेकरू, भूमिहीन. 2011 च्या जनगणनेवर भागवू नये. तेव्हाची पाळण्यातली पोरे आता हायस्कुलात आहेत.

2. ही यादी चावडीवर लावू नये. कोणाला कसला आजार, कोण माजी देवदासी, हे गावभर करायचे कारण नाही. बोटीवरच्या पथकाला घर आणि क्रम कळला की पुरे.

3. काळम्मावाडी, पाटगाव धरणांतून पाणी सोडल्याची सूचना भोंग्यावरून कन्नडसोबत मराठीतही द्यावी. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या 1956 च्या केंद्रीय निवेदनात त्यांची लोकसंख्या 15 ते 20 टक्के असलेल्या भागात महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत देण्याची तरतूद आहे. यात सीमावाद आणू नये. सोडलेले पाणी क्यूसेकमध्ये सांगितले, तर ते कानडी शेजाऱ्यालाही कळत नाही. पुलाला पाणी किती वाजता लागेल, ते सांगावे.

4. निवारा केंद्राशेजारी गोठा व वैरण हवी. दावणीला म्हैस सोडून कोणी येत नाही.

5. पंचनाम्यात भाडेकरू व विडी कामगारांसाठी स्वतंत्र रकाना असावा.

6. हिवाळ्यासाठी वेगळा नकाशा करावा. ऊसतोड टोळ्या पुरात नसतात, पण हंगामात त्यांच्या कोप्यांना आगीचा धोका असतो.

सुरुवात जत्राट, भिवशी आणि सिदनाळपासून करावी. आमच्या संघटनेचे कार्यकर्ते नोंदीला सोबत येतील. बैठकीची तारीख 15 दिवसांत लेखी कळवावी.

आपले,
अध्यक्ष व सचिव
(संघटनेच्या वतीने)