वेगाला परवाना लागत नाही

मोल्याहून अनमोडकडे सायकलनं चढायला लागलं की दोन-तीन वळणांतच आपला वेग चालणाऱ्या माणसाच्या जवळ येतो. ताशी आठ किलोमीटर, कधी सात. गेल्या ऑक्टोबरात मी भल्या पहाटे हा घाट चढत होतो. झाडीत शेकरू ओरडत होतं, वरून धनेशाच्या पंखांचा धाप लागल्यासारखा आवाज येत होता आणि माझ्या पुढच्या चाकासमोर डांबराला चिकटलेले जीव होते. बेडूक तर जागोजागी. एक चापडा. एक उदमांजर. पुढे आणखी एक काहीतरी, जे काय होतं ते कळायला मार्ग नव्हता. थोड्या वेळानं मी मोजायचं सोडून दिलं, कारण मागून ट्रक येत होते आणि नजर खाली ठेवणं परवडणारं नव्हतं.

गाडीतून हा घाट मी पन्नास वेळा तरी पार केलाय. मी बेळगावचा, मावशी फोंड्याची. लहानपणापासून गणपतीला, मे महिन्याच्या सुट्टीत, लग्नामुंजींना याच रस्त्यानं खाली उतरायचो. गाडीतून एकदाही हे दिसलं नाही. गाडीतून जंगल म्हणजे खिडकीबाहेरचा हिरवा रंग, आणि मोबाइलची रेंज जाते तो वैतागवाणा तुकडा.

हा 'तुकडा' म्हणजे भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान. सगळं मिळून सुमारे २४० चौरस किलोमीटर, त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा १९७८ साली राष्ट्रीय उद्यान झाला. त्यातून राष्ट्रीय महामार्ग जातो. कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारी, एकोणिसाव्या शतकात बांधलेली रेल्वे जाते. आणि आपण जातो: सायकलवाले, ट्रेकवाले, दूधसागरवाले.

यातल्या कोणाला परवाना लागतो, सांगा?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२, कलम २७. अभयारण्यात कोणी शिरायचं याची तिथे एक यादी आहे. कामावरचा सरकारी नोकर, आत राहायची परवानगी असलेला, आत जमिनीचा हक्क असलेला, आणि सार्वजनिक महामार्गावरून जाणारा. बाकीच्यांनी कलम २८ खाली परवाना घ्यायचा. अभ्यास, फोटोग्राफी, पर्यटन, काय असेल ते कारण सांगून. राष्ट्रीय उद्यानालाही हीच कलमं लागू होतात. म्हणजे खांद्यावर पाण्याची बाटली घेऊन पायवाटेनं चालणाऱ्या माणसाला कागद लागतो. चाळीस टनांच्या ट्रेलरला रात्री दोन वाजता त्याच जंगलातून जायला काहीच लागत नाही. फक्त रस्ता लागतो.

मी इंजिनियर आहे, म्हणून हिशेब मांडतो. सायकल आणि मी मिळून नव्वद किलो. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. ताशी वीसनं उतरणारी सायकल आणि ताशी साठनं उतरणारा चाळीस टनी ट्रक यांच्या धडकेत फरक आहे तो जवळजवळ चार हजार पटींचा. या दोघांपैकी कोणाकडे संशयानं बघायचं हे ठरवायला बारावीचं फिजिक्स पुरतं. आपण नेमकं उलटं ठरवलंय.

जुलै २०२३ आठवा. दूधसागरला रुळांवरून चाललेल्या पोरांना उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. सगळे हसले. मीही हसलो. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं सरकारला सांगितलं की म्हादई आणि आसपासचं जंगल तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेनं मेलेले सापडले होते, तेव्हापासून ही मागणी जोरात होती. सरकारनं काय केलं? सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. उठाबशांचा व्हिडिओ आपल्याला पाठ आहे. या निकालाची बातमी किती जणांनी फॉरवर्ड केली?

आता माझाही कबुलीजबाब. कॉलेजात असताना कॅसलरॉकहून रुळांवरून दूधसागरला मीही गेलोय, सात जणांच्या टोळक्यात. एका बोगद्यात मालगाडी आली तेव्हा भिंतीतल्या कोनाड्यात एकमेकांना चिकटून उभे राहिलो. वारा, काळोख, लोखंडाचा आवाज. बाहेर पडल्यावर आम्ही ओरडलो, फोटो काढले, लोकेशन टाकलं. रुळांवरून चालणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, सहा महिने कैद होऊ शकते. ते आम्हाला माहीत नव्हतं आणि असतं तरी गेलोच असतो. आमच्या मागून आणखी किती टोळकी तो पिन बघून आली असतील, देव जाणे. त्यामुळे 'सह्याद्री आमचा बाप, आम्हाला कोण अडवणार' असल्या रीलवाल्या शौर्याची बाजू मी घेणार नाही. धबधब्याखाली गर्दी करून बुडणारे, चिप्सची पाकिटं टाकणारे, जंगलात स्पीकर लावणारे आपणच आहोत. आपल्यावर बंधन हवं. प्रश्न इतकाच आहे की फक्त आपल्यावरच का?

कारण ज्या वर्षांत चालणाऱ्यांवर बंद्या येत गेल्या, त्याच वर्षांत याच जंगलातून तीन प्रकल्प मंजूर होत होते: रेल्वेचं दुहेरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गोव्यातले विद्यार्थी, शास्त्रज्ञ, वकील, चित्रकार 'आमचें मोलें' म्हणत उभे राहिले. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले. त्यांच्या दृष्टीनं दुसरा रूळ म्हणजे मुरगाव बंदरातून वर जाणारा आणखी कोळसा होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दुहेरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. हे कोणामुळे झालं? ज्यांना ते जंगल नावानिशी ठाऊक होतं, त्यांच्यामुळे. कुठला बेडूक कुठल्या ओढ्यात, कुठलं झाड कधी फुलतं, हे पायी फिरून बघितलेल्यांमुळे. जंगल बंद करा, माणूसच नको, असं म्हणणाऱ्या माझ्या शुद्धतावादी मित्रांना मला हेच विचारायचंय: उद्या चौथा प्रकल्प आला, तर या जंगलाची साक्ष कोण देणार? ज्यांनी ते फक्त काचेतून बघितलंय ते?

आता खरी अडचण. ती माझ्या घरातच आहे.

माझे मामा बेळगावहून गोव्याला भाजी पाठवतात. दोन टेम्पो आहेत. गोव्याच्या बाजारातली बरीचशी भाजी वरूनच उतरते, आणि उतरते ती रात्री, म्हणजे सकाळी दुकानात ताजी दिसते. दिवाळीत जेवताना मी म्हणालो की अनमोड रात्री बंद ठेवायला हवा. मामांनी हातातला घास खाली ठेवला.

"तू शनिवार-रविवारी सायकल फिरवणार, आणि माझी भाजी रात्रभर वर कुजत बसणार? बोलायला तुझं काय जातंय?"

बरोबर होतं त्यांचं. माझं काहीच जात नाही. माझा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी जमा होतो, घाट चालू असो की बंद. मी त्यांना बंडीपूरचं सांगितलं. कर्नाटकातल्याच त्या राष्ट्रीय उद्यानातून जाणारा महामार्ग २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. अॅम्ब्युलन्सला सोडतात, मोजक्या बस सोडतात. वायनाडच्या लोकांनी मोर्चे काढले, उपोषणं केली, कोर्टात गेले. त्यांची गैरसोय खोटी नव्हती, पण बंदी टिकली आणि व्यापारानं आपलं वेळापत्रक बदललं. मामा म्हणाले, "व्यापार बदलतो रे. व्यापारी मरतो." मग ताट संपवून उठले.

त्या वाक्याला माझ्याकडे अजून पुरतं उत्तर नाही. पण चौपदरी रस्ता हे त्यांच्याही प्रश्नाचं उत्तर नाही, एवढं मला दिसतं. चार पदर झाले की दोन टेम्पोवाल्या मामांच्या शेजारून चाळीस ट्रकवाला धावणार. रुंद रस्ता मोठ्यांना आणखी मोठं करतो. रात्रीची बंदी निदान सगळ्यांना सारखी असते.

म्हणून मला काय हवंय ते सरळ लिहितो. अनमोडच्या घाटात रात्री जड वाहनं बंद. लहान मालवाहू गाड्यांना सुरुवातीची दोन वर्षं रात्री अकरापर्यंत सवलत द्या, मामांसारख्यांना जुळवून घ्यायला वेळ मिळेल. दिवसा वेगमर्यादा, आणि ती कॅमेऱ्यानं मोजलेली, पाटीवर रंगवलेली नव्हे. रस्ता मोठा करायचाच हट्ट असेल तर जनावरांना खालून वाट सोडा. नागपूरहून सिवनीकडे जाणाऱ्या महामार्गावर पेंचमध्ये अशी नऊ बांधकामं आहेत आणि त्यांखालून वाघ जाताना कॅमेऱ्यांत दिसलेत. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असं नाही.

आणि आपल्यासाठी? रेट लिमिट. सर्व्हर पडू नये म्हणून आपण रोज ऑफिसात जे करतो तेच. पायवाटेवर दिवसाला ठरावीक माणसं, नावनिशीवार, पैसे भरून, कुळे-मोल्याच्या स्थानिक वाटाड्याबरोबर. पावसाळा सोडून दूधसागरला स्थानिकांच्या जीप जातातच, त्याच गावांना चालणाऱ्यांचंही उत्पन्न मिळू दे. रुळांवर पाय ठेवायचा नाही. लोकेशन टाकायचं नाही. आणि ज्या दिवशी कोटा भरला त्या दिवशी निमूटपणे परत फिरायचं. हे शेवटचं आपल्याला सगळ्यात जड जाणार आहे, कारण आपल्यालाही जंगल म्हणजे वीकेंडचा हक्क वाटतो. 'घाट सर केला' म्हणतो आपण, आणि अॅपवर किती मिनिटांत केला ते टाकतो. ट्रकवाला निदान पोटासाठी घाई करतो.

अनमोडच्या पायथ्याशी तांबडी सुर्लाला महादेवाचं कदंबकालीन देऊळ आहे, काळ्या बेसॉल्टचं. तो दगड आसपासचा नाही, घाटमाथ्यापलीकडून आणला असं मानतात. तो कोणी, किती दिवसांत उतरवला असेल याचा मी चढताना विचार करत होतो. हे जंगल कधीच माणसांवाचून नव्हतं. मीठ वर जायचं, धान्य खाली यायचं, बैलाच्या चालीनं. त्या चालीला जंगल पुरून उरलं.

वर अनमोडला पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. चहाच्या टपरीवर मामांच्या टेम्पोचा ड्रायव्हर भेटला, रिकामा टेम्पो घेऊन परत निघालेला. डोळे लाल. म्हणाला, रात्री वळणावर गवा आडवा आला होता, थोडक्यात वाचलो. मी विचारलं, घाट रात्रीचा बंद झाला तर? तो हसला. "झोप तरी मिळेल, दादा. पण मालकांना सांगू नका मी असं बोललो म्हणून."

मामा, हे तुम्ही वाचणार आहात हे मला माहीत आहे. दिवाळीतलं बोलणं अर्धवट राहिलंय. पुढच्या वेळी घाट उतरताना टेम्पोत नको, माझ्याबरोबर चालत या. एकच वळण. मग भांडू.