गजाचे वजन आणि आपला शब्दसंकोच

मराठीत व्हायोलिनवादनाविषयी जे लिहिले जाते त्यात डावा हात असतो, उजवा नसतो. मींड, गमक, गायकी अंग, गुरुपरंपरा यांवर पानेच्या पाने. आणि ज्या काठीवाचून या वाद्यातून एकही दीर्घ स्वर निघणार नाही, त्या गजाविषयी फार तर 'विलक्षण हुकमत' एवढे दोन शब्द. (वादक बोलताना 'बो' म्हणतात, सारंगीने दिलेला 'गज' हा शब्द हाताशी असताना आम्ही तोच वापरतो.) त्यानंतर लेखक हात जोडतो आणि म्हणतो, हे सारे शब्दातीत आहे. आमचे भांडण या 'शब्दातीता'शी आहे. ती नम्रता नाही, कामचुकारपणा आहे. आणि मराठीचे अध्यापक म्हणून त्याची झळ आम्हाला थेट पोचते.

व्हायोलिनचा गज साधारण साठ ग्रॅमचा, लांबी पाऊण मीटरच्या आत-बाहेर. तरीही समान वजनाचे दोन गज वादकाच्या हाती दिले तर तो एकाला हलका म्हणेल, दुसऱ्याला जड. तराजू खोटा नसतो, वादकही खोटा नसतो. तराजू वस्तुमान सांगतो. हात सांगतो ते वस्तुमान कोठे वाटले गेले आहे. गजाच्या टोकाशी वाढवलेला एक ग्रॅम मुठीपासून सत्तर सेंटिमीटरवर असतो, मुठीजवळचा पाचावर. पहिल्याने पडणारा भार दुसऱ्याच्या चौदापट. आणि गज फिरवताना होणारा अडथळा तर अंतराच्या वर्गाने वाढत असल्यामुळे जवळजवळ दोनशेपट. म्हणूनच मुठीवरची चांदीची तार काढून तेथे हलका वेढा घातला, तर एकूण वजन घटूनही गज टोकाकडे जड वाटू लागतो. पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्तने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या गजाला रूप दिले. त्याने टोक भारी केले आणि त्याचा तोल सांभाळायला मुठीकडे धातू चढवला. हात ज्याला 'हलका' म्हणतो ते असे घडवता येते, मोजता येते, बदलता येते. यात गूढ ते काय?

वाजवताना तर हा तोल क्षणोक्षणी बदलतो. गज मुठीजवळ तारेवर असतो तेव्हा त्याचे स्वतःचेच वजन तारेला पुरून उरते, आणि करंगळी दांडीवर दाब देऊन ते पेलते. गज टोकाकडे सरकतो तसे ते वजन तारेला मिळेनासे होते आणि तर्जनीला दाब द्यावा लागतो. एक लांब, सपाट षड्ज ऐकताना आपण जे 'स्थैर्य' ऐकतो, ते या दोन बोटांमध्ये अखंड चाललेल्या हस्तांतराचे फळ असते. स्थिर असे तेथे काहीच नसते.

आता आमच्या वर्गाकडे येऊ. शहापूर-मुरबाडच्या गावांतून येणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांनी व्हायोलिन हातात धरलेले नाही. पण कोयता धरला आहे, कुऱ्हाडीला दांडा बसवला आहे, खांद्यावर कावड घेतली आहे. 'पात्याकडे जड आहे', 'हाताला ओढतो', 'मुठीत बसत नाही', 'झोक जातो' – ही भाषा त्यांच्या तोंडी आहे, आणि वर सांगितलेले सगळे शास्त्र तिच्यात आहे. दांडी डोळ्यांआड ठेवून नुसती हलवायला दिली तरी माणूस तिची लांबी अंदाजाने सांगतो, हे अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठातील मायकेल टर्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० नंतरच्या प्रयोगांतून दाखवले. कोयत्याला दांडा बसवणाऱ्याला त्यात नवल वाटणार नाही. हीच मुले कलास्वादाचे उत्तर लिहायला बसली की मात्र 'अवर्णनीय', 'शब्दांच्या पलीकडचे' असे लिहितात. ते आपण शिकवलेले असते. घरून आणलेले नेमके शब्द वर्गाच्या दाराशी काढून ठेवायला लावणारी ही कोणती साहित्यशिक्षणाची रीत?

आपल्याकडे वादकांची वाण नव्हती. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) गायक आणि व्हायोलिनवादक असे दोन्ही होते, आणि उत्तरायुष्यात याच ठाणे जिल्ह्यात, डोंबिवलीत राहिले. वाईत जन्मलेले वि. गो. जोग (१९२२–२००४), दामोदर केशव दातार (१९३२–२०१८), ज्यांच्या वादनाला 'गाणारं व्हायोलिन' हे नाव चिकटले ते प्रभाकर जोग (१९३२–२०२१): किती नावे घ्यावीत! पण ते नावच पाहा. 'गाणारं' म्हणताना आपण वाद्याची थोरवी गळ्याच्या मापाने मोजतो आणि गळ्याच्या श्वासाच्या जागी येथे काय आहे, हे विचारायचे विसरतो. तेथे गज आहे. श्वास संपतो तसा गज संपतो. तो कोठे परतवायचा हा ख्यालातल्या दमसासाइतकाच मोठा प्रश्न आहे.

यावर ठरलेले उत्तर मिळते: ही विद्या गुरुमुखातून, हाताने हाताला मिळते, वर्णनाने कोणी वादक होत नाही. मान्य. वर्णनाने कोणी कवीही होत नाही, तरी आपण मर्ढेकरांची संवाद, विरोध आणि समतोल लय दरवर्षी शिकवतोच. 'समतोल' हा शब्द फळ्यावर लिहिणाऱ्याला एक काठी बोटावर कोठे तोलली जाते याचे कुतूहल नसावे, हे चमत्कारिक आहे. आणि मराठीत हे जमत नाही असेही कोणी म्हणू नये. अशोक दा. रानडे यांच्या 'संगीताचे सौंदर्यशास्त्र' या पुस्तकाला अर्धशतक उलटून गेले. असो.

खरे काम पुढेच आहे, आणि ते इंग्रजी पुस्तके उतरवून होणार नाही. पाश्चात्त्य वादक व्हायोलिन हनुवटीखाली जवळजवळ आडवे धरतो. आपला वादक मांडी घालून बसतो आणि वाद्याचे शिर उजव्या घोट्यावर टेकवतो. तारा उतरत्या झाल्या की गजाच्या वजनाचा काही भाग तारेवर न पडता उताराने पटरीच्या दिशेला ओढू लागतो, आणि तो हाताला अडवावा लागतो. म्हणजे तोच साठ ग्रॅमचा गज येथे वेगळ्या रीतीने जड आहे. तिकडे ज्या तोलाचा गज उत्तम ठरतो तो मांडी घातलेल्या वादकाला सोयीचा पडतो का? विलंबित आलापात तो कोणत्या बोटाला प्रथम थकवतो? झाल्यात टोक जड लागते की मूठ? हे वादकांना विचारून, त्यांच्याच शब्दांत, एखाद्या एम.ए.च्या विद्यार्थ्याने प्रबंधिकेसाठी लिहून आणावे. 'हाताला ओढतो' असे त्यात आले, तर आम्ही त्याखाली लाल रेघ ओढणार नाही.