सायकल घेऊन दिली, पण चालवायची कुठे?

जून जवळ आला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दप्तर, रेनकोट आणि व्हॅनचे वाढलेले दर यांच्या जोडीला एक प्रश्न हमखास येतो: यंदा मुलांना शाळेत सायकलने पाठवायचे का? शाळा दीड-दोन किलोमीटरवर असते. मूल पाचवी-सहावीत असते. वाढदिवसाला घेतलेली सायकल सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरत असते. ग्रुपवर दोन-तीन उत्साही उत्तरे येतात, मग कोणीतरी वाटेतल्या चौकाचे नाव घेते आणि विषय तिथेच थांबतो. व्हॅन ठरते, नाहीतर आई रोज दोनदा स्कूटर काढते.

आजचे पालक मुलांना कापसात गुंडाळून ठेवतात, अशी टीका यावर होते. टीका करणारे बहुतेक जण जुन्या पुण्यात तासाच्या भाड्याची सायकल घेऊन, नळीखालून पाय घालून शिकलेले असतात. त्यांची आठवण खरी आहे, पण तो रस्ता आता उरलेला नाही. पालकांच्या भीतीला आकड्यांचा आधार आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडली. त्यांत १८ वर्षांखालची ९,५२८ होती. म्हणजे दिवसाला सरासरी २६ मुले.

याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होते आणि जवळपास २० टक्के पायी चालणारे होते. सायकल धोक्याची म्हणून आपण मुलाला ज्या स्कूटरवर मागे बसवतो, ती काही बिनधोक नाही. अर्थात दुचाकी संख्येनेच इतक्या आहेत की एवढ्या आकड्यावरून फेरीमागचा धोका काढता येत नाही. पण ‘स्कूटर सुरक्षित, सायकल धोकादायक’ ही विभागणी आपण सवयीने केलेली आहे, मोजून नव्हे. चार वर्षांवरील प्रत्येक मुलाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी हेल्मेट, चालकाला जोडणारा सुरक्षापट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. सकाळी सात वाजता कुठल्याही शाळेच्या फाटकासमोर उभे राहून यातले काय पाळले जाते ते पाहावे. हेल्मेट असलेच तर ते वडिलांच्या डोक्यावर असते, नाहीतर आरशाला लटकलेले असते.

मूळ मुद्दा वाहनाच्या प्रकारापेक्षा वेगाचा आहे आणि इथे थोडे गणित करायला हवे. समजा, तेरा मीटरवर, म्हणजे साधारण तीन मोटारींच्या लांबीइतक्या अंतरावर, एक मूल अचानक रस्त्यात आले. चालकाला ते दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार त्या सेकंदात सव्वाआठ मीटर पुढे जाते, मग ब्रेक लागतो आणि कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरवर ती थांबते. मूल वाचते. वेग ताशी ५० असेल, तर त्या एका सेकंदातच मोटार जवळपास चौदा मीटर गेलेली असते. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच धडक होते, तीही पूर्ण ५० च्या वेगाने. चालक तोच, लक्ष तेवढेच, ब्रेकही तेच. फरक फक्त २० किलोमीटरचा. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ५० च्या धडकेत ती ३० च्या तुलनेत पावणेतीन पट असते. आणि लहान मुलाला मोटारीचा पुढचा भाग पायांना नव्हे, तर छातीला किंवा डोक्याला लागतो.

आता आपल्याकडचा नियम बघा. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींची कमाल मर्यादा ताशी ७० आणि दुचाकींची ६० किलोमीटर आहे. स्थानिक यंत्रणेला ती कमी करता येते, शाळेजवळ तसे फलकही लागतात. पण फलकाने वेग कमी झाल्याचे कोणाच्या पाहण्यात असेल असे वाटत नाही.

‘मुलांना रस्ता नीट ओलांडायला शिकवा’ हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. त्याचे कारण मुलांच्या डोळ्यांत आहे. वाहन जवळ येते आहे हे आपल्याला मुख्यतः कळते ते त्याची प्रतिमा डोळ्यात मोठी होत जाते त्यावरून. ब्रिटनमधील रॉयल हॉलोवे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्राथमिक शाळेतील मुलांवर प्रयोग केले. प्रतिमा मोठी होण्याचा वेग ओळखण्याची क्षमता या वयात पूर्ण विकसित झालेली नसते, आणि ताशी ३२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येणारे वाहन या मुलांना खात्रीने ओळखता येत नाही, असे त्यांना आढळले. यात एक विचित्र गोष्ट आहे. पाच सेकंदांत आपल्यापर्यंत पोचणारी ३० च्या वेगाची मोटार या क्षणी सुमारे ४२ मीटरवर असते, तर ६० ची ८३ मीटरवर. लांबची मोटार लहान दिसते आणि तिची प्रतिमा सावकाश वाढते. म्हणजे जी जास्त धोक्याची, तीच मुलाला जणू जागेवर उभी असल्यासारखी वाटते. ‘बघून ओलांड’ असे आपण सांगतो. मूल बघतेही आणि तरी फसते. हा दोष शिस्तीचा नाही आणि तो रागावून जाणारा नाही. त्यातच आठ वर्षांच्या मुलाची नजर जमिनीपासून जेमतेम पावणेचार फुटांवर असते. कडेला उंच मोटारींची रांग लागलेली असेल, तर मुलाला रस्ता दिसत नाही आणि रस्त्यावरच्यांना मूल दिसत नाही.

मग मुलांना रस्त्यापासून दूरच ठेवावे का? तसे आपण ठेवलेलेच आहे आणि त्याची किंमतही मोजतो आहोत. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल सांगते. संघटनेच्याच अभ्यासानुसार जगातील ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करत नाहीत. शाळेत जाण्या-येण्याची वीस-पंचवीस मिनिटे सायकलवर गेली, तर त्यातला मोठा वाटा क्लास, फी आणि गणवेश यांच्याशिवाय भरून निघतो. चष्म्याचेही तसेच. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा वर्गाबाहेर नेले. तीन वर्षांनी लघुदृष्टीचे प्रमाण नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के, तर या मुलांत ३०.४ टक्के निघाले. उजेडात घालवलेल्या वेळाचा हा परिणाम होता. काचा बंद असलेल्या व्हॅनमध्ये तो मिळत नाही.

दुसरी किंमत कमी बोलली जाते. दहाव्या वर्षी सायकल न मिळालेले मूल पंधराव्या वर्षी थेट स्कूटरवर बसते. क्लास लांब, आई-वडील कामावर, ‘फक्त गल्लीपुरती’ म्हणत किल्ली हातात जाते. कल्याणीनगरमधील मे २०२४ च्या अपघातानंतर अल्पवयीनांच्या हातातल्या मोटारींवर पुष्कळ चर्चा झाली. घराघरांतल्या स्कूटरवर ती आली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने केलेल्या गुन्ह्यासाठी पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, कमी शक्तीच्या विजेच्या दुचाकींना तर परवानाच लागत नाही, म्हणून त्या निर्धास्त घेतल्या जातात. रस्त्याचा अंदाज कसा घ्यायचा, बस डावीकडे वळणार हे कशावरून ओळखायचे, खड्डा चुकवताना मागे का बघायचे, हे सायकलच्या वेगात शिकायचे राहून गेलेले असते. आणि मग ते इंजिनाच्या वेगात शिकले जाते.

हे आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्लंडमध्ये १९७१ मध्ये सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले एकटी शाळेत जात. १९९० मध्ये ९ टक्के. नेदरलँड्समध्ये १९७१ या एका वर्षात चारशेहून अधिक मुले रस्त्यावर मेली, तेव्हा तिथले पालक ‘बालहत्या थांबवा’ म्हणत रस्त्यावर उतरले. आज ज्याचे फोटो आपण कौतुकाने पुढे पाठवतो, ते डच सायकलराज्य जन्मजात नव्हते. ते भांडून मिळवलेले आहे.

पुण्यात आराखड्यांची कमतरता नाही. २००६ नंतर बीआरटीच्या जोडीने सायकल मार्ग झाले, डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि गेल्या. जुन्या मार्गांवर आज कुठे रोहित्र आहे, कुठे वडापावची गाडी, कुठे पार्किंग, आणि चौक आला की मार्ग संपतो. खरे तर धोका जास्त चौकातच असतो. लांबी किलोमीटरमध्ये मोजून अहवालात टाकायची असते, म्हणून सोपा भाग बांधला जातो आणि अवघड भाग राहतो, असे मला वाटते.

म्हणून शहरभराच्या जाळ्याची वाट बघण्यापेक्षा शाळेसमोरचे तीनशे मीटर मागावेत. लंडन आणि पॅरिसमध्ये शेकडो शाळांसमोरचे रस्ते वाहनांसाठी बंद केले आहेत, लंडनमध्ये बहुतेक ठिकाणी शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळेपुरते. आपल्याकडे ११ डिसेंबरला, पादचारी दिनी, लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवला जातो. बाजाराचा रस्ता दिवसभर बंद ठेवता येतो, तर शाळेचा अर्धा तास का नाही? अडचण वाहतूक पोलिसांपेक्षा पालकांकडून येईल, कारण फाटकासमोर कोंडी करणाऱ्या गाड्या आपल्याच असतात. जोडीला उंच केलेले झेब्रा क्रॉसिंग, कोपऱ्यावर पार्किंगला बंदी आणि चौकातले वळण अरुंद करणे, एवढी कामे क्षेत्रीय कार्यालयाच्या आवाक्यातली आहेत. पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे. अर्जात त्याचा उल्लेख करावा.

तोवर घरात ठरवायचे ते असे. दहा वर्षांच्या आत मूल एकटे मोठा रस्ता ओलांडणार नाही. त्यानंतर आधी महिनाभर तोच रस्ता पायी, मग पालक मागे दुसऱ्या सायकलवर. शाळेचा सर्वांत जवळचा रस्ता धरण्यापेक्षा आतल्या गल्ल्यांतून पाच मिनिटे लांबचा धरलेला बरा. मोठा चौक असेल, तर उतरून सायकल हातात धरून झेब्रावरून. बसच्या आणि डंपरच्या डाव्या बाजूने कधीही पुढे जायचे नाही, तिथे चालकाला सायकल दिसत नाही. हेल्मेट हनुवटीखाली बांधलेले, ब्रेक दर महिन्याला तपासलेले. आणि जोराचा पाऊस असेल त्या दिवशी व्हॅन.