ओझोन आणि ब्रोमेट : एक खुलासा

ओझोनचा शेवटी ऑक्सिजनच होतो, म्हणून ओझोनने निर्जंतुक केलेल्या पाण्यात मागे काही उरत नाही, हा समज अर्धाच खरा आहे. पाण्यात ब्रोमाइड असेल तर ओझोन त्याचे आधी हायपोब्रोमाइट आणि पुढे ब्रोमेट करतो. ब्रोमेटमुळे माणसाला कर्करोग होण्याची शक्यता मानली जाते. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 10 मायक्रोग्रॅम आहे. उकळून ते जात नाही, म्हणून ते मुळात होऊ न देणे हाच खरा उपाय.

यात सामूची (pH) भूमिका मोठी. ओझोन हायपोब्रोमाइटवर झडप घालतो, त्याच्याच आम्लरूपाला, म्हणजे हायपोब्रोमस आम्लाला, मात्र जवळजवळ हात लावत नाही. सामू 7 च्या आसपास किंवा खाली ठेवला की या आम्लरूपाचा वाटा वाढतो आणि ब्रोमेट घटते. पण बायकार्बोनेट जास्त असलेल्या पाण्याचा सामू उतरवायला आम्ल फार लागते. तिथे किंचित अमोनिया बरा, तो ब्रोमिनला ब्रोमामाइनमध्ये अडकवतो. ओझोनची मात्रा एकदम न देता टप्प्याटप्प्याने देणेही उपयोगी ठरते. मात्र ब्रोमेटच्या धास्तीने निर्जंतुकीकरणात कसूर करणे हा अधिक मोठा धोका आहे.

2004 मध्ये ब्रिटनमध्ये ब्रोमेटमुळेच दसानी या बाटलीबंद पाण्याच्या सुमारे 5 लाख बाटल्या परत घ्याव्या लागल्या. ओझोनपूर्वी मिसळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्येच ब्रोमाइड होते.