डॉक्टरांना फोन कधी जातो?

आमच्या ओळखीच्या एक काकू इंदुरातल्या एका वृद्धाश्रमात असतात. एका रविवारी सकाळी त्यांनी चहा घेतला नाही; हाक मारली की नुसत्या बघत राहिल्या. सेविकेच्या ते लगेच लक्षात आले. तिने व्यवस्थापकांना सांगितले, त्यांनी बंगळुरूला मुलाला फोन लावला, मुलाने तो दुपारी पाहिला. डॉक्टर आले संध्याकाळी. लघवीचा संसर्ग रक्तात पसरला होता, आणि अंगात ताप मात्र नव्हता. काकू वाचल्या, पण आता काठीशिवाय चालत नाहीत.

यात कोणी निष्काळजी होते असे आम्हाला वाटत नाही. क्रमच चुकलेला होता. उतारवयात आजार ओळखीच्या रूपात येईलच असे नाही. न्यूमोनिया असून खोकला नसतो. अचानक गोंधळणे, जेवण टाकणे, तोल जाणे, दिवसभर झोपून राहणे एवढीच खूण दिसते. आपण तिला ‘वयच झालं आता’ म्हणून सोडून देतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तेवढा वेळ आपल्याकडे मुलाला शोधण्यातच जातो.

अमेरिकेत नर्सिंग होमना केंद्रीय नियमच आहे: रहिवाशाच्या प्रकृतीत मोठा बदल दिसला की डॉक्टरांशी तत्काळ बोलायचे आणि घरच्यांनाही कळवायचे. (नियम असूनही तिथे चुका होतात, ही गोष्ट वेगळी.) आपल्या २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्या-जिल्ह्यात वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे. आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवू पाहणारे विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आले, पण संमत झाले नाही. म्हणजे उरतो तो प्रवेशाचा अर्ज. त्यात अनामत रक्कम असते, नातेवाइकांचे नंबर असतात. आधी कोणाला कळवायचे, हे बहुधा नसते.

ते आपणच लिहून द्यावे: आधी डॉक्टर किंवा १०८, मग आम्ही, खर्चासाठी आमच्या होकाराची वाट पाहू नये. सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान कार्ड आश्रमाच्या फाइलमध्येच ठेवावे.

आणि सेविकेचे काय? एकदा तिने रात्री फोन केला, डॉक्टर आले, काही निघाले नाही आणि ‘उगीच धावपळ केलीस’ असे तिला ऐकावे लागले, की पुढच्या वेळी ती उजाडेपर्यंत थांबते. तसा फोन आला तर तिला रागावू नका, असे आम्ही काकूंच्या मुलाला सांगितले आहे.