घरावरचा सिमेंटचा पत्रा: धोका नेमका कधी?

घरांवर, गोठ्यांवर दिसणाऱ्या सिमेंटच्या अनेक पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. चांगल्या स्थितीतल्या पत्र्यातून ते फारसे सुटत नाहीत. पत्रा कापला, भोक पाडलं किंवा फोडला, की ते श्वासावाटे फुफ्फुसात जाऊन रुततात. त्यातून ॲस्बेस्टॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो, तोही अनेकदा २०-४० वर्षांनी.

म्हणूनच सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान ४० वर्षं ठेवायला सांगितलं. पण रोजंदारीवर पत्रे बसवणाऱ्या मजुराची नोंद कोण ठेवणार?

५० हून अधिक देशांत ॲस्बेस्टॉसवर बंदी आहे. भारतात वापर सुरूच आहे.

जुना पत्रा उतरवायचाय? आधी ओला करा, फोडू नका, अखंड काढा. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही.